पाय गुणगुणतो

मला चौकशीचा रोग आहे. आमच्या घरचे म्हणतात, हिला रस्त्यात मुंगी दिसली तरी ही तिला विचारेल, कुठे निघालीस, माहेरी की सासरी? एकतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते तेव्हा हा रोग कामी आला. निवृत्त झाल्यावर तो घरच्यांच्या अंगावर येऊ लागला, म्हणून त्यांनीच जाहिरात कापून माझ्या हातात ठेवली. क्रीडा संस्थेत सकाळचे फॉर्म भरून घेण्यासाठी अनुभवी व्यक्ती हवी. वेळ पहाटे साडेपाच ते दुपारी दोन. एवढ्या पहाटे मी घराबाहेर असणार, या कल्पनेनेच घरात आनंदीआनंद झाला.

संस्था म्हणजे काय, हे मला आधी ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, मोठं मैदान असेल, शिट्टी वाजवणारा मास्तर असेल. तिथे पाहते तर बत्तीस खेळाडू आणि त्यांच्यामागे एकोणतीस माणसं. सगळ्या विभागातून निवडून आणलेली ही बत्तीस मुलंमुली. कोणी कुस्तीत, कोणी पोहण्यात, कोणी धावण्यात. एक जण त्यांच्या ताटातलं अन्न तोलून बघायचा. एक जण कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. मनाच्या डॉक्टर होत्या, त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक झाड, बाकी काही नाही. संडासाच्या भिंतीवर फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंगांची पट्टी चिकटवलेली होती. आपला रंग कुठे बसतो ते बघायचं आणि त्याप्रमाणे पाणी प्यायचं. पहिल्या दिवशी मी ती भिंतीच्या रंगाची निवड समजले आणि शेवटचा रंग घेऊ नका म्हणून ऑफिसात सांगून आले. ते लोक अजून हसतात.

माझं काम सोपं होतं. जिन्याखाली टेबल टाकून बसायचं. एकेक खेळाडू खाली आला की चार प्रश्न विचारायचे. झोप किती झाली? भूक कशी आहे? मन कसं आहे? दुखतंय का, शून्य ते दहा? आकडा लिहायचा, पुढचा. ते सगळे आकडे साडेसहाला आमच्या आकडेशास्त्रींकडे जायचे. ते खरे शास्त्री नव्हेत, पस्तिशीचे, चष्मेवाले, सतत थंड कॉफी पिणारे गृहस्थ. पण त्यांच्या पडद्यावर बत्तीस जणांच्या बत्तीस रेषा चालायच्या, आणि एखादी रेषा वाकली की ते जागच्या जागी ताठ व्हायचे. धावपट्टीच्या एका तुकड्याखाली त्यांनी यंत्रं पुरली होती. पाय जमिनीवर किती वेळ टेकतो ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळायचं.

मला तो चौथा प्रश्न पटेना. दुखतंय का म्हटलं की मुलं म्हणायची, तीन. तीन म्हणजे काय? वॉर्डात मला कुणी तीन म्हणालं नव्हतं. मी विचारायला लागले, बाबा रे, तीन म्हणजे कसं? मग पेटारा उघडला. पैलवान म्हणाला, "अंग आंबलंय मावशी, बाकी काही नाही." पोहणारी म्हणाली, "खांदा भरून आलाय." वजन उचलणारा म्हणाला, "कंबर धरलीय, चमक नाही पण." कुणाच्या पोटरीत वांब येत होते, कुणाची मान अवघडली होती, कुणाच्या अंगठ्यात ठणका होता, कुणाच्या हाताला नुसती रग लागली होती. आणि या सगळ्यांचा आकडा तीन!

मी एक वही आणली. निळ्या पुठ्ठ्याची. आकडा फॉर्मवर आणि शब्द वहीत. तारखेसकट. मला फार मजा यायला लागली. कुणी नवा शब्द दिला की माझा दिवस चांगला जायचा.

आकडेशास्त्रींना वही दाखवली. त्यांनी चार पानं चाळली.

"सिस्टर, हे छान आहे. पण आंबलंय हे कोणत्या रकान्यात घालू?"

"रकाना तुम्ही शोधा. शब्द मी आणलेत."

"आंबलंय आणि भरून आलंय, यातलं मोठं कोणतं?"

"मोठं-लहान नसतं हो. वेगळं असतं. आंबलेल्याला झोपवायचं आणि भरून आलेल्याला चोळायचं."

ते हसले आणि वही परत दिली. मीही नाद सोडला नाही. संस्थेत मोठी माणसं मला सिस्टर म्हणायची आणि मुलं मावशी. त्यामुळे सिस्टरने फॉर्म भरायचे आणि मावशीने वही, अशी मी वाटणी करून टाकली.

आता टाचणीचं सांगते. टाचणी म्हणजे आठशे मीटर धावणारी. एकोणीस वर्षांची, बारीक, सरळ आणि टोकदार. नाव तिच्या खोलीतल्या मैत्रिणींनी ठेवलेलं. तिचे वडील पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करायचे. आई लहानपणीच गेलेली. वर्कशॉपच्या दारात बसून अभ्यास केलेली मुलगी. संस्थेत येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि या वर्षीच्या निवड चाचणीत ती पहिल्या दोघींत येणार असं तिचे प्रशिक्षकही म्हणायचे. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर. चाचणी पाच आठवड्यांवर होती.

टाचणीचा आकडा रोज शून्य.

"दुखतंय का?"

"शून्य, मावशी."

"कुठेच नाही? जगात असा माणूस नसतो गं."

"शून्य."

याला कारण होतं. संस्थेचा एक नियम होता, प्रशिक्षकांनीच आग्रहाने करून घेतलेला. दुखणं लपवलं तर जागा गेली. मागे एका उंच उडीवाल्याने घोट्याचं दुखणं दोन महिने दाबून ठेवलं होतं. तो पुन्हा कधी उडी मारू शकला नाही. प्रशिक्षकांनी ते मनाला लावून घेतलं होतं. नियम चांगल्यासाठी होता. पण मुलांना त्याचा अर्थ उलटा लागायचा. सांगावं तर चाचणीआधी बसवतील, लपवावं आणि सापडावं तर घरी पाठवतील. मग उरतं काय, तर सापडायचं नाही.

एका मंगळवारी टाचणी जिन्यावरून उतरली. मी सहज विचारलं, "आज शून्यच का गं?"

"शून्यच." मग बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावा पाय जरा गुणगुणतो."

"गुणगुणतो?"

"हं."

"गाणं कोणतं?" मी म्हणाले.

ती हसली आणि मैदानावर गेली. मी वहीत लिहिलं. टाचणी, डावा पाय, गुणगुणतो. खाली दोन रेघा मारल्या, कारण इतका गोड शब्द आजवर आला नव्हता. घरी जाऊन जेवताना सांगितलासुद्धा. घरचे म्हणाले, तुझा पाय गुणगुणला तर शेजारी तक्रार करतील.

त्यानंतरचा सोमवार. सोमवारी मोठ्या टेबलाभोवती बैठक असायची. संचालकबाई, प्रशिक्षक, फिजिओ, आहारवाले, मनाच्या डॉक्टर, आकडेशास्त्री आणि कोपऱ्यात फॉर्मचा गठ्ठा घेऊन मी. आकडेशास्त्रींनी पडद्यावर टाचणीची रेषा आणली. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित कमी वेळ टेकत होता. हजारातले सहा भाग. आधी दोन होते, मग चार, आता सहा.

"वेळा कशा आहेत?" संचालकबाईंनी विचारलं.

"उत्तम," प्रशिक्षक म्हणाले. "या महिन्यात तर सगळ्यात चांगल्या. म्हणून तर कळत नाहीये."

मग सगळ्यांनी डोकं लावलं. मला ती बैठक फार आवडली होती, खोटं कशाला सांगू. एका मुलीच्या पायाचे हजारातले सहा भाग शोधायला सहा शहाणी माणसं तासभर बसली होती. बूट बदललेत का? झोप बरोबर आहे. कॉलेजची परीक्षा? झाली. धावपट्टीचं वळण? दोन्ही दिशांना पळवून बघू. फिजिओ म्हणाले, पाय दाबून पाहिला, ती हूं की चूं करत नाही. दुखण्याचे आकडे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शून्य," मी म्हणाले. "रोज शून्य."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. निळी वही त्या वेळी खरोखरच माझ्या काखेत होती.

तीन दिवसांनी, गुरुवारी, शनिवारचे आठवडी तक्ते आधीच तयार करत बसले होते. काम कंटाळवाणं, म्हणून मधेच वही चाळली. गुणगुणतो. खालच्या दोन रेघा. आणि माझा रोग उफाळून आला. हा शब्द आला कुठून? आमच्याकडे डास गुणगुणतात, कामात असलेली माणसं गुणगुणतात. पाय? प्रत्येक खेळाडूच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर घरचा नंबर असतो. मी टाचणीच्या घरचा फिरवला. तिच्या वडिलांनी उचलला. निव्वळ कुतूहल हो, दुसरं काही नाही.

मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. मी ओळख सांगितली, मुलगी छान आहे, काळजीचं काही नाही, हे आधी सांगितलं. मग विचारलं, "दादा, तुमच्या घरी गुणगुणतो कशाला म्हणतात?"

ते हसले. "मोटारीला, ताई. आमच्या वर्कशॉपातला शब्द आहे. बेअरिंग जायला आलं की मोटर गुणगुणते. बारीक आवाज, कान देऊन ऐकला तरच कळतो. का हो?"

"नाही, तुमची मुलगी म्हणाली. डावा पाय गुणगुणतो म्हणून."

मागचं यंत्र बंद झालं. त्यांनीच बंद केलं असणार.

"कधी म्हणाली?"

"झाले नऊ दिवस."

"ताई, तिला थांबवा." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "गुणगुणणारी मोटर पाणी पूर्ण देते. थेंब कमी नाही. म्हणून तर लोक फसतात, म्हणतात चाललीय ना, चालू दे. आणि मग एक दिवस जाम होते ती कायमची. मी तिला पाचवीत असताना शिकवलंय हे. आवाज आला की आधी बटण बंद, मग बाकीचं. तिला माहीत आहे. तिला सगळं माहीत आहे, ताई. आत्ता काय करतेय ती?"

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते. अकराला टाचणीचा आठवड्यातला सगळ्यात कडक सराव असायचा. तीनशे मीटर, सहा वेळा, जीव तोडून.

फोन तसाच टेबलावर ठेवला आणि मी पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चपला घालून, साडी धरून. मैदानावर पोचले तेव्हा प्रशिक्षक घड्याळ हातात धरून ओरडत होते, "चौथी! निघ!" आणि टाचणी वळणावर होती. मी सरळ तिच्या लेनमध्ये जाऊन उभी राहिले.

"सिस्टर! बाजूला व्हा! अहो, लेन सोडा!"

मी सोडली नाही. दोन्ही हात पसरले. ती माझ्यापासून चार हातांवर कशीबशी थांबली, वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागली. मग तिने वर पाहिलं. मी काय बोलणार आहे हे तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"बटण बंद कर, बाळा," मी म्हणाले.

प्रशिक्षकांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता नोकरी गेली. पण टाचणी तिथेच पट्टीवर बसली आणि तिने डाव्या नडगीवर तळहात ठेवला. फिजिओच्या हाताखाली हूं की चूं न करणारी मुलगी तिथे ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचं चित्र आलं. नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक चीर. फिजिओ म्हणाले, असेच आणखी तीन-चार कडक सराव झाले असते तर हाड धावता धावता मोडलं असतं, आणि मग सळी, स्क्रू आणि धावण्याला रामराम. आता काय? आठ आठवडे आराम, पाण्यात तरंगायचा पट्टा बांधून पाय हलवायचे. हाड पूर्ण सांधेल. पण चाचणी गेली.

टाचणी माझ्याशी बोलेनाशी झाली. सकाळी कुबड्या टेकत टेबलापाशी यायची, चार आकडे सांगायची आणि जायची. फक्त एकदा म्हणाली, "तुम्ही बाबांना फोन केलात." मी म्हटलं, केला. ती कुबड्या सावरून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी नाही, माझं मलाच. वडिलांना दोन वाक्यांत कळलं ते मी नऊ दिवस वहीत दाबून ठेवलं होतं. मी शब्द गोळा करत होते. विचारत नव्हते. वॉर्डात असं केलं असतं तर आमच्या मेट्रनने माझी चामडी लोळवली असती.

चाचणी गेली ती गेली. खरा प्रश्न पुढच्या सोमवारी होता. दुखणं लपवलं तर जागा गेली. टाचणीचे फॉर्म टेबलावर मांडले होते. सव्वीस दिवस, सव्वीस शून्यं. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. जागा गेली की खोली गेली, डॉक्टर गेले, पाण्यातला पट्टा गेला. चिरलेलं हाड घेऊन वर्कशॉपच्या दारात जाऊन बसायचं.

"नियम माझाच आहे," प्रशिक्षक म्हणाले. ते कोणाकडेही न बघता बोलत होते. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी यांना रोज सांगतो. आज हिला सोडलं तर उद्या बत्तीसच्या बत्तीस शून्य लिहितील."

मी उठले. मला त्या टेबलावर बोलायचा अधिकार नव्हता. "तिने सांगितलं होतं," मी म्हणाले आणि वही संचालकबाईंपुढे ठेवली. "ही तारीख. मला सांगितलं होतं. मला कळलं नाही. फॉर्ममध्ये मी शून्य लिहिलं. चूक असेल तर माझी आहे."

संचालकबाईंनी ते पान वाचलं. दोन रेघाही पाहिल्या. मग टाचणीला आत बोलावलं.

"गुणगुणतो म्हणजे काय?"

टाचणीने वडिलांचं सगळं सांगितलं. बेअरिंग, पाणी, बटण.

"म्हणजे तू सिस्टरांना सांगितलंस, की पाय निकामी व्हायला आलाय?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, म्हण गं, हो म्हण. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मावशींना तो शब्द कळणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितला." मग तिचा आवाज फुटला. "कोणाला तरी सांगायचं होतं. आणि कोणाला कळूही द्यायचं नव्हतं. रोज पळताना मला तो आवाज यायचा. एकटीला यायचा. मला खूप भीती वाटत होती."

मनाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. प्रशिक्षक खिडकीकडे बघत होते.

"उडीवाला कोणाशीच बोलला नव्हता," ते म्हणाले. "दोन महिने. मीही विचारलं नव्हतं." मग संचालकबाईंकडे वळून म्हणाले, "हिने सांगितलं. अर्धवट सांगितलं, पण सांगितलं. लपवलं असं मी म्हणणार नाही. आणि शिक्षाच हवी असेल तर चाचणी गेली, तेवढी पुरे."

संचालकबाईंनी आकडेशास्त्रींना विचारलं, "तुमच्या तक्त्यात हा शब्द कुठे बसला असता?"

"कुठेच नाही," ते म्हणाले. त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्यापासून वाचायला लागले. बैठक संपली, सगळे उठून गेले, तरी वाचत होते. कॉफी तशीच राहिली.

टाचणीची जागा राहिली. तिने माझ्याशी अबोला मात्र सोडला नाही, आणि मीही तिच्या मागे लागले नाही. चाचणीच्या दिवशी ती पाण्याच्या टाकीत पट्टा बांधून दोन तास पाय हलवत होती, आणि काठावर तिचे प्रशिक्षक स्टूल टाकून बसले होते.

आठ आठवडे झाले. फिजिओने तिला पहिल्यांदा गवतावर दहा मिनिटं हळू पळू दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जिन्यावरून उतरली. दोन्ही पायांनी, सारखी. माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

झोप, आठ तास. भूक, चांगली. मन, सात.

मी चौथा प्रश्न विचारायच्या आधी पेन खाली ठेवलं. "आता आकडा नको. नीट सांग. काय म्हणतोय पाय?"

ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. आजवर कधी बसली नव्हती. वाकून डावी पोटरी हाताने चाचपली, मग उजवी, आणि थोडा वेळ कान देऊन ऐकावं तशी गप्प राहिली.

"दुखतंय, मावशी," ती म्हणाली. "दोन्ही पोटऱ्या. आठ आठवड्यांनी पळले ना काल. नडगीत काही नाही. पण पोटऱ्या सॉलिड दुखतायत."

मागे जिन्यावर पैलवान खोळंबला होता. मी वही उघडली. एकतीस वर्षं वॉर्डात काढली, पण कुणाला दुखतंय हे ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी तारीख घातली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, दुखतंय.